विसाव्याचा दगड

भाद्रपदातला पाऊस मला लहानपणापासून आवडत नाही. आषाढातला पाऊस निदान तोंडावर भांडून मोकळा होतो. हा नुसता रेंगाळतो. निघालो म्हणतो, छत्री उचलतो, आणि दारात उभा राहून पुन्हा तासभर बोलत बसतो. गौरी-गणपती गेलेले असतात, भात पोटरीला आलेलं असतं (असायचं, असं म्हणायला हवं), आणि पितृपंधरवडा लागतो. या दिवसांत आमच्याकडे मोठ्यानं हसत नसत. का, ते कोणी सांगितलं नव्हतं. कोण ऐकत उभं असेल याचा नेम नाही, एवढं मात्र आम्हा पोरांना न सांगता कळलं होतं.

यंदाचा भाद्रपद मी नायगावला काढते आहे, खाडीच्या अंगाला उभ्या राहिलेल्या एका टॉवरच्या अकराव्या मजल्यावर. मुलानं फ्लॅट घेतला तो मला न विचारता. "आई, तुझ्या माहेरीच घेतोय," असं मात्र कौतुकानं सांगितलं. लग्नानंतरचं सारं आयुष्य माझं आचोळ्याला गेलं. तिथल्या शाळेत पोरांना बाराखड्या घोकायला लावल्या आणि डोळ्यांदेखत आचोळे बिल्डिंगांच्या पोटात जाताना पाहिलं. त्यामुळे माहेराचं काय झालं असेल याचा अंदाज होता. तरी पहिल्याच दिवशी बाल्कनीत उभी राहून मी आमचं शेत शोधायला लागले. खाडी सापडली. रेल्वेचे रूळ सापडले. मधलं काही केल्या सापडेना.

खाली रोज कोणी ना कोणी हरवतं. घरपोच सामान आणणारी माणसं मोटारसायकलवरून येतात, आमच्या भिंतीच्या पलीकडे थांबतात आणि फोन करतात. परवाचा तर अगदी काकुळतीला आला होता. "आजी, मोबाइलमध्ये रस्ता सरळ तुमच्या गेटपर्यंत दाखवतोय. इथं तर भिंत आहे!"

"भिंतच आहे," मी म्हटलं. "मागे फिर. रस्ता जिथे उगाच वाकडा होतो ना, शेंदूर फासलेला दगड आहे बघ, तिथून उजवीकडे घे."

त्याला ते बरोबर समजलं. दगडाशी रस्ता उगाच का वाकडा होतो, हे त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याचं सामान थंड होऊन गेलं असतं.

समोरच्या सोसायटीतल्या एका बाईशी माझी बाल्कनीतून ओळख झाली आहे. तिची तुळस मला दिसते, माझी लोणच्याची बरणी तिला. हातवारे करून आम्ही एकमेकींची खुशाली विचारतो. भेटायचं ठरवलं तर रिक्षा करून मोठ्या रस्त्यावर जाऊन, वळसा घालून यावं लागतं, कारण दोन सोसायट्यांच्या मध्ये भिंत आहे आणि भिंतीवर काचा लावल्या आहेत. इतके रस्ते झाले, आणि हाकेच्या अंतरावरच्या बाईकडे पायी जायला वाट नाही. मला याचा राग येतो. राग आला की मला आई आठवते.

आमच्या लहानपणी, म्हणजे स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती तेव्हा, गावाला रस्ता असा नव्हताच. वाटा होत्या, आणि त्या ऋतूप्रमाणे बदलायच्या. पावसाळ्यात शेतांत पाणी साचलं की बांधाबांधानं वळणं घेत जायचं, त्यामुळे स्टेशन लांब जायचं. दिवाळी झाली, कापणी आटोपली की तेच स्टेशन जवळ यायचं. कोणीतरी पहिला माणूस धसकटं तुडवत शेतातून आडवा निघायचा, त्याच्या मागून दुसरा, आणि बघता बघता पांढरी पायवाट पडायची. शेत कोणाचं, हे विचारायची रीत नव्हती. वाट खळ्यातून जायची, पडवीला घासून जायची. जाणाऱ्यानं "क्या रांधलास गो?" असं विचारायचं आणि आतल्या बाईनं खरं खरं सांगायचं. एखाद्या घरात चूल पेटलेली नसली तर ते गावाला दुपारच्या आत कळायचं, कारण गाव त्या घरावरूनच जात-येत असायचं.

एक वाट मात्र बारा महिने एकच होती. ती घरांकडून मिठागराच्या बांधावरून खाडीकाठच्या मसणात जायची. अर्ध्या वाटेवर एक भेंडीचं झाड होतं (भाजीची भेंडी नव्हे, खाडीकाठी वाढतो तो मोठा वृक्ष) आणि त्याच्या बुडाशी एक काळा, बसका दगड. तो विसाव्याचा दगड. मढं नेताना तिरडी तिथे खाली टेकवायची, खांदे बदलायचे, घोटभर पाणी प्यायचं आणि मग उचलायची. खांदेकऱ्यांना दम लागतो म्हणून हे, असं कोणाही शहाण्या माणसाला वाटेल. आमच्याकडे कारण वेगळं होतं. तिरडी टेकली की गेलेलं माणूस उठून बसतं, मागं वळून घराकडे एकदा बघतं आणि वाट ध्यानात ठेवतं. पुढे पित्तरांना यायचं असतं ना, त्यासाठी. म्हणून तिरडीपाठून चालणाऱ्यांनी त्या घडीला बाजूला सरायचं, घर आणि तिरडी यांच्या मध्ये उभं राहायचं नाही. हे आम्हाला 'बे एके बे'च्याही आधी येत होतं.

मग मुंबईच्या एका शेठनं स्टेशनच्या अंगाची शेतं घेतली. चुना फासलेले दगड पुरून प्लॉट पाडले आणि मधून मुरमाचा रस्ता काढला, स्टेशनपासून थेट मिठागरापर्यंत, भातशेतांच्या वर चांगला पुरुषभर उंच. असा सरळ रस्ता आम्ही कधी पाहिला नव्हता. संध्याकाळी बाया तो बघायला जायच्या, जत्रेला जावं तशा. आई घरकामातून सुटायची नाही. चुलीपुढे बसून ती बाला, म्हणजे आमच्या वडलांना, विचारायची, "त्या रस्त्याला माजं पाय कवा लागतील?"

"लागतील गो. रस्ता क्या पलून जातंय?" बा म्हणायचे.

रस्ता पळून गेला नाही. पण बांधणाऱ्यांनी त्याच्याखालून पाणी जायला मोऱ्या ठेवल्या नव्हत्या. पुढच्या आषाढात डोंगराकडून उतरलेलं पाणी रस्त्याला येऊन अडलं आणि जायला जागा नाही म्हणून आमच्या वाटांवर पसरलं. भेंडीचं झाड कमरेपर्यंत पाण्यात उभं राहिलं. विसाव्याचा दगड दिसेनासा झाला. स्टेशन आणि गाव जोडणारा एक रस्ता आला, आणि घर नि घर जोडणाऱ्या वाटा बुडाल्या. त्याच आषाढात, लावणी अर्ध्यावर असताना, आईला ताप आला. तापातच ती गेली.

बायकांनी मसणात जायचं नसतं. मी ओट्यावर उभी होते, कडेवर धाकटा भाऊ. तेव्हा मधे काही आडवं नसायचं, माणसं मुंगीएवढी होईपर्यंत दिसत राहायची. जुनी वाट पाण्याखाली, म्हणून तिरडी नव्या रस्त्यावर चढवली. बा पुढे, हातात मडकं. पाऊस मी म्हणत होता. मी वाट बघत होते की आता टेकवतील, आता टेकवतील. भावाला मी खाली उतरवलं आणि दारातून बाजूला घेतलं, आईला घर नीट दिसावं म्हणून. तिरडी थांबली नाही. मुंगीएवढी झाली, आणि मग पावसानं ती पुसून टाकली.

काय झालं ते नंतर कळलं. रस्त्यावर शेठचा माणूस छत्री घेऊन उभा होता. त्यानं हात जोडले, टोपी काढली. वाईट माणूस नव्हता तो. "दादा, इथे टेकवू नका, माणसं प्लॉट बघायला येतात, पुढे चला," एवढंच म्हणाला. पुढे कुठे टेकवायचं, हे कोणालाच सुचलं नाही. ज्या वाटेनं पिढ्यान् पिढ्या मढी गेली तिथे पायांनाच ठाऊक होतं कुठे थांबायचं. नव्या रस्त्यावर पाय थांबेनात. सरळ रस्ता माणसाला पुढेच ढकलतो. मसण आलं तेव्हा बांच्या ध्यानात आलं.

ज्या रस्त्याला आईला पाय लावायचे होते, त्याच्यावरून ती खांद्यावरून गेली आणि तिला मागे वळून बघायला मिळालं नाही.

दहाव्याला कावळा शिवला. पण तो मसणाच्या काठावर. घरी यायची पाळी पुढची. आमच्याकडे वर्ष सरेपर्यंत गेलेल्याला पित्तरांत बोलवत नाहीत, म्हणून ती पाळी आली दुसऱ्या भाद्रपदात, आणि माझ्या आयुष्यातला भाद्रपद म्हटला तर तो एकच. बाकीचे नुसते आले नि गेले.

नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं पान अविधवा नवमीला घालतात. काकूनं पहाटेपासून वडे, खीर, भोपळ्याची भाजी, अळूच्या वड्या केल्या. बांनी पान कौलांवर ठेवलं आणि अंगणात उकिडवे बसले. शेजारच्या घरांवर कावळे उतरत होते, भांडत होते, पान ओढत होते. आमच्या कौलांवर एक येईना. खिरीवर पावसाचे थेंब पडत होते. दुपार कलली तरी बा उठले नाहीत, आणि ते जेवले नाहीत म्हणून कोणीच जेवलं नाही.

अशा वेळी पापडी गावची रोजामावशी आली. डोक्यावर सुकेळ्यांचा, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांचा, हारा घेऊन ती गावोगाव फिरायची आणि सुकेळ्यांच्या बदल्यात आमच्याकडून तांदूळ न्यायची. पलीकडच्या ख्रिस्ती आळ्यांतल्या बातम्या तिच्याकडून फुकट मिळायच्या. तिनं पडवीत हारा उतरवला, कौलांकडे पाहिलं आणि बांकडे पाहिलं.

"आली नाय ती," बा म्हणाले. "येल कशी? तिला मांगं बगूच नाय दिला आमी. त्या रस्त्यावं उबी असंल. इकरं जावाचा का तिकरं, तिला कोन सांगंल?"

बांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटली.

रोजामावशी त्यांना उगी उगी म्हणाली नाही. पदरानं मान पुसत म्हणाली, "आमच्याकडे जिथे वाट फुटते तिथे क्रूस उभा करतात. जिवंत असो नाहीतर मेलेला, माणूस चुकायला नको. तुमचा दगड आहे ना? मग तो पाण्यात कशाला ठेवलाय?"

बा उठले. डोक्यावर इरलं घेतलं आणि बांधाकडे निघाले. कोणी मला बोलावलं नव्हतं, तरी मी मागून गेले. भेंडीच्या झाडाशी ते पाण्यात शिरले, वाकून चाचपडत राहिले. दगड सुटला तेव्हा पाण्यातून मोठा बुडबुडा आला. तो खांद्यावर घेऊन ते नव्या रस्त्यावर चढले आणि आमच्या गावाकडे जिथे फाटा फुटत होता तिथे, अगदी रस्त्याच्या अंगावरच, दगड ठेवला. समोर आमचं घर दिसत होतं. मग ते बाजूला सरले. मलाही हातानं सरकवलं. घर आणि दगड यांच्या मध्ये कोणी राहिलं नाही.

"हिरू," बांनी हाक मारली. "ए हिरू. चल घरा."

नवऱ्यानं बायकोला नावानं हाक मारायची आमच्यात पद्धत नव्हती. जन्मभर त्यांनी तिला 'अगो' म्हटलं होतं. आईचं नाव त्यांच्या तोंडून मी त्या दिवशी ऐकलं, आणि ते त्यांना येतं याचंच मला नवल वाटलं.

ते पुढे चालायला लागले, सावकाश, आजारी माणसाला आणावं तसे. "हितं निसरडा हाय. जप. हा पाटलाचा बांध. हितशी डावे हाताला. ही पडवी वलकलीस ना?" प्रत्येक वळणावर थांबायचे, मागे बघायचे नाहीत, फक्त सांगायचे. मी त्यांच्या मागे होते. मला कोणी शिकवलं नव्हतं, पण त्यांच्या आणि माझ्या मध्ये मी एका माणसाची जागा सोडली होती. त्या जागेत पाऊस पडत होता. सारी वाट मी त्या जागेकडे बघत चालले, आणि तिथे चिखलात पाऊल उमटतं का, ते बघायची हिंमत मला झाली नाही.

घरी पोचलो तर कौलांवरचं पान विस्कटलेलं होतं. धाकटा टाळ्या पिटत सांगायला लागला की काकूची कोंबडी वर चढली होती. काकूनं त्याचं तोंड दाबलं.

"कोंबरी तं कोंबरी," बा म्हणाले आणि हात धुऊन पानावर बसले.

शेठच्या माणसांनी दगड उचलून खाली ढकलला. बांनी पुन्हा आणून ठेवला. असं पुष्कळदा झालं असणार. शेवटी तेच कंटाळले. डांबर आलं तेव्हा रोलर दगडाला वळसा घालून गेला, आणि पुढे जो जो रस्ता रुंद करायला आला तो आधीच्याच वळणानं गेला. बा दर नवमीला आईला आणायला जायचे. मधे चाळी झाल्या, कुंपणं पडली, शेतांतून आडवं जाणं बंद झालं, तसतशी त्यांची वळणं वाढत गेली. म्हातारपणी त्यांना एकदा मी म्हटलं, "आता तिला ठाऊक झाली असेल वाट."

"ठाव झाली का वाट बदलतान," ते म्हणाले. "ती बिचारी क्या करंल?"

त्यांच्यानंतर भाऊ जायचा. जमीन त्यानंच विकली, आणि मी त्याला कधी बोल लावला नाही. सगळ्या बाजूंनी भिंती आल्यावर मधलं एक शेत शेत राहत नाही, डबकं होतं. पण नवमी त्यानं चुकवली नाही. गेल्या उन्हाळ्यात तोही गेला. त्याला ॲम्ब्युलन्समधून नेला. ती कुठे थांबली नाही. थांबवा म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण मागे गाड्या भोंगे वाजवत होत्या.

म्हणजे आता आईला आणायला कोणी उरलं नाही. हा विचार मला इथे आल्या दिवसापासून खात होता. भुताखेतांवर माझा विश्वास आहे का, असं सुनेनं विचारलं. नाही, मुळीच नाही. पण रस्त्यात उभ्या राहिलेल्या बाईला घरी आणायचं, यात विश्वासाचा काय संबंध?

काल नवमी होती. सुनेनं हौसेनं वडे केले, खीर केली, केळीचं पान मागवलं. पान ठेवायला बाल्कनीत गेले तर कबुतरांसाठी लावलेली जाळी. इथे कावळा यायचा तरी कुठून? खाली पाहिलं. वाकड्या रस्त्यावर तो शेंदरी ठिपका दिसत होता. तो दगड तोच का, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. नव्या लोकांनी त्याचा देव केला आहे, हार घालतात, रिक्षावाले सकाळी उदबत्ती लावतात. पण रस्ता वाकतो तिथेच.

"आई, एवढ्या पावसात कुठे?" मुलानं विचारलं.

"आलेच," म्हटलं आणि छत्री घेऊन उतरले.

दगडाशी उभी राहिले. रिक्षांची रांग लागली होती. घराकडे बघितलं तर घर नव्हतं, टॉवर होता, आणि त्यातली आमची खिडकी मलाच ओळखू येईना. तरी मी बाजूला सरले. "आये," मी म्हणाले, हळूच, रिक्षावाल्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. "चल." आणि चालायला लागले. "ही भिंत आहे. इथून वाट नाही, वळसा घालायचा. जप, मोटारी येतात. हे गेट. ही फरशी निसरडी आहे, बेतानं." मागे पाहिलं नाही. चाल मात्र आपसूक बांची झाली होती.

लिफ्टमध्ये आधीच एक बाई उभी होती, पायाशी भाजीच्या पिशव्या. तिचं नाव मला माहीत नाही, उत्तरेकडची असावी. मी आत शिरले आणि दार धरून ठेवलं. दार मिटायला आलं, मी हात लावला. पुन्हा मिटायला आलं, पुन्हा लावला.

"कोई आ रहा है, आंटी?" तिनं विचारलं.

"माझी आई," मी म्हणाले. "या घरी पहिल्यांदाच येते आहे."

तिनं माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. बाहेरच्या रिकाम्या फरशीकडे पाहिलं. पितृपक्ष त्यांच्याकडेही असतो. मग तिनं जमिनीवरच्या पिशव्या उचलून हातात घेतल्या, पदर सावरला आणि कोपऱ्यात सरकून एका माणसाची जागा केली.